जुन्या मॅन्युअल लेन्सवर फोकस अंदाजानेच करायचा, तर निम्मे फोटो वाया जात नाहीत का?

तुमच्याकडे सोनीचा ए६००० आहे, बजेट बेताचं आहे, जुनी मॅन्युअल लेन्स घ्यायची हौस आहे, आणि फोकस अंदाजाने करावा लागला तर निम्मे फोटो वाया जातील अशी भीती आहे. कुठली लेन्स घेऊ एवढंच विचारलं असतंत तर मी वाचून पुढे गेले असते. पण अंदाजाची गोष्ट काढलीत आणि राहवलं नाही. आमच्या घरात याच मुद्द्यावरून दर दिवाळीला वाद होतो.

थोडक्यात सांगायचं तर, घ्या. पण ज्या कारणासाठी आजकाल सगळे घेतात त्यासाठी घेऊ नका. एफ/२ वर (एफ-आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) लेन्स सताड उघडी ठेवून मागचं सगळं धूसर करायचं, एवढ्यासाठी जुनी लेन्स कशाला हवी? ते काम मोबाईलही करतो. जुन्या लेन्सची खरी दौलत म्हणजे तिच्या अंगावर कोरलेली अंतराची पट्टी आणि तिच्याजवळ, फोकसच्या मधल्या खुणेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या एफ-आकड्यांच्या खुणा. कुठल्या छिद्राला कुठून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते या खुणा सांगतात. आजच्या मिररलेस, म्हणजे तुमच्यासारख्या, कॅमेऱ्यांच्या बहुतेक लेन्सवर ही पट्टीच नाही. रिंग नुसती गोल फिरत राहते, आत मोटर सरकते आणि कुठे थांबलो हे बोटांना काही कळत नाही.

माझे काका कोल्हापुरात फोटोग्राफर होते. लग्नमुंजीला याशिका मॅट आणि जत्रायात्रांना पेंटॅक्सचा स्पॉटमॅटिक, त्यावर पेंटॅक्सचीच २८ मिमी एफ/३.५ सुपर टाकुमार लेन्स. ती लेन्स आता माझ्याकडे आहे. कॅमेरा हातात द्यायच्या आधी त्यांनी मला अंतर शिकवलं. अंगणात उभं करायचे आणि विचारायचे, "तुळस किती फुटांवर आहे?" मी म्हणायचे, आठ. मग ते गवंड्याचा स्टीलचा टेप काढायचे. टेपचं टोक माझ्या डोळ्यापाशी धरायचे, कारण पट्टीवरचं अंतर फिल्मपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या काचेपासून नाही. त्यानंतर फाइंडरमधून तुळशीवर फोकस करायला लावायचे आणि पट्टीवर काय आलं ते वाचायला सांगायचे. "तुझा आकडा, टेपचा आकडा आणि लेन्सचा आकडा, तिन्ही जुळले पाहिजेत." तुळस झाली की फाटक, फाटक झालं की समोरच्या घराचा ओटा. मला बारा फुटांपर्यंत अर्ध्या फुटाच्या आत सांगता यायला लागलं तेव्हा कुठे त्यांनी कॅमेऱ्यात रोल घातला.

याला कुणी अंदाज म्हणत असेल तर खुशाल म्हणो. सुतारही नजरेनेच काटकोन ओळखतो.

आता वादाचं. माझा आतेभाऊ, म्हणजे काकांचा सख्खा भाचा, गेली कित्येक वर्षं म्हणत आलाय की मामांचे यात्रेचे फोटो म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. "छत्तीसातले चार लागायचे, तेवढेच आपल्याला दाखवायचे." हे वाक्य मी काकांच्या हयातीतही ऐकलंय आणि ते गेल्यावरही. पण त्यांची कॉन्टॅक्ट शीट्स माझ्याकडे आहेत. कॉन्टॅक्ट शीटवर अख्खा रोल येतो, ओळीने, काही लपवता येत नाही. ओरवोचा एनपी २२, १२५ एएसएचा (आजच्या भाषेत आयएसओ १२५) ब्लॅक अँड व्हाईट रोल. लूप, म्हणजे भिंग, लावून बघितलं की पुढच्या माणसाच्या कपाळावरचा घाम दिसतो, हलगीच्या कडेच्या दोऱ्या दिसतात आणि मागे देवळाचं शिखरही रेघेरेघेने दिसतं. काही फ्रेम तिरक्या आहेत, एखाददुसरीत कुणाचे पाय कापले गेलेत, कारण गर्दीत कॅमेरा डोळ्याला लावायलाही जागा नसायची. हात वर करून, फाइंडरमध्ये न बघता ते फोटो घ्यायचे. फोकस मात्र जिथे हवा तिथे आहे. नशिबाने इतकं सलग साधत नाही.

एका चैत्री पौर्णिमेला आम्ही दोघं जोतिबाला गेलो. ज्यांनी ती यात्रा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गावोगावच्या सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठ्या, येतात, पाडळीची मानाची सासनकाठी पुढे असते, आणि वरून, खालून, बाजूने गुलाल-खोबऱ्याचा नुसता मारा चालतो. "चांगभलं"च्या गजरात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चैत्रातलं ऊन डोक्यावर, आणि मध्येच गुलाबी ढग उठला की दहा फुटांवरचा माणूस दिसेनासा होतो.

आतेभावाकडे चांगला, महागडा ऑटोफोकस झूम होता. गुलाल उधळला की त्याचा फोकसचा चौकोन गुलालाच्या ढगावर जाऊन बसायचा. ढग विरला की लेन्स मागच्या भिंतीवर, पुन्हा ढग की पुन्हा पुढे. कॅमेऱ्याची त्यात काही चूक नाही. त्याला समोर जे ठळक दिसेल त्यावर तो जाणार, आणि त्या क्षणी समोर ठळक गुलालच असतो. सासनकाठी तोलून नाचणारा माणूस, चारही बाजूंनी ताणलेले दोर, काठीचा झोक, हे सगळं त्याच्यासमोरून गेलं तेव्हा त्याची लेन्स पुढेमागे करत होती.

माझ्या लेन्सची रिंग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या चिकटपट्टीने जागच्या जागी बांधलेली होती. ही पद्धत काकांचीच. छिद्र एफ/११, शटर १/८०० सेकंद, आयएसओ (म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता) ४००, फोकस सव्वातीन मीटरवर, म्हणजे साधारण अकरा फुटांपाशी. एवढं केलं की साडेपाच फुटांपासून पार शिखरापर्यंत सगळं फोकसमध्ये. त्यानंतर कॅमेऱ्याकडे बघायचं कारणच उरत नाही, माणसांकडे बघायचं. एक्सपोजरही तिथल्या तिथे ठरलेलं: लख्ख उन्हात एफ/१६ ला शटर म्हणजे एक भागिले आयएसओ, तिथून छिद्र एक स्टॉप, म्हणजे एक पायरी, उघडलं की शटर दुप्पट वेगाचं. काका १२५ च्या फिल्मवर एफ/११ आणि १/२५० लावायचे, तोच हिशेब. पांढरे शर्ट, गुलाबी चेहरे, काळी घोंगडी असं काहीही समोर आलं तरी कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर गोंधळत नाही, कारण मीटर विचारलेलाच नसतो.

संध्याकाळी पालखी यमाईकडे निघाल्यावर एका टपरीवर बसून आम्ही दोघांनी आपापले फोटो पाहिले. आतेभाऊ म्हणाला, "तुझी जागा चांगली होती." आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो.

तर तुमच्या भीतीबद्दल. पट्टीवरचा हिशेब असा. समजा छिद्र एफ/८ आहे. अनंताची खूण मधल्या खुणेच्या एका बाजूच्या ८ वर आणा, मग दुसऱ्या बाजूच्या ८ समोर जो आकडा येईल तिथपासून पुढे सगळं चालून जातं. पण या खुणा फिल्मच्या आणि छोट्या प्रिंटच्या जमान्यातल्या आहेत. आज आपण स्क्रीनवर फोटो मोठा करून डोळ्यांच्या पापण्या मोजतो, म्हणून एक स्टॉप कडक राहा: छिद्र एफ/११ ठेवा, खुणा ८ च्या वापरा. वर दिलेले आकडे याच हिशेबाचे आहेत. शिवाय ते माझ्या फुल फ्रेम, म्हणजे फिल्मएवढ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्याचे आहेत. तुमच्या ए६००० चा सेन्सर लहान, त्यामुळे आणखी एक स्टॉप कडक व्हा: छिद्र एफ/११, खुणा ५.६ च्या. २८ मिमीवर मग फोकस साधारण साडेचार ते पावणेपाच मीटरवर येतो आणि सव्वादोन मीटरच्या पुढचं सगळं स्पष्ट येतं. एफ/१६ किंवा २२ पर्यंत जाऊ नका, त्या सेन्सरवर चित्र मऊ पडायला लागतं.

यात एक मेख आहे आणि ती विकणारे सांगत नाहीत. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारी कडी म्हणजे अडॅप्टर. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम किंचित बारीक केलेले असतात, म्हणजे कुठलीही लेन्स लावली तरी अनंतापर्यंत फोकस हमखास जावा. एम४२ म्हणजे टाकुमारसारख्या आट्यांच्या जुन्या लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, सोनीच्या माउंटचं १८ मिमी, म्हणजे अडॅप्टरची जाडी २७.४६ मिमी हवी. ती एक दशांश मिलिमीटरने जरी कमी पडली तरी २८ च्या लेन्सवर 'अनंत' हे पट्टीवर जवळपास ८ मीटरच्या जागी येतं, ५० मिमीवर २५ मीटरच्या जागी. अशा अडॅप्टरवर पट्टीवर विसंबून काढलेले फोटो खरोखरच वाया जातील आणि तुम्ही दोष लेन्सला द्याल. म्हणून लेन्स आल्या आल्या गच्चीवर जा, लांबचा मोबाईल टॉवर स्क्रीनवर मोठा करून फोकस करा आणि पट्टी वाचा. अनंताच्या अलीकडे थांबली तर अडॅप्टर बदला, नाहीतर अडॅप्टर आणि त्याच्या माउंटच्या चकतीच्या मध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या घालून जाडी भरून काढा. इतर फोकससाठी स्क्रीनवर पीकिंगची रंगीत कड दिसते (जे फोकसमध्ये आलं त्याच्या कडेला कॅमेरा रंग देतो), ती सोयीची आहे, पण उघड्या छिद्रावर तिच्यावर भरवसा ठेवू नका. तिथे मोठं करून बघणंच खरं.

लेन्स कुठली? २८ किंवा ३५ मिमीची एम४२ टाकुमार मिळाली तर डोळे झाकून. ए६००० वर २८ ही साधारण ४२ मिमीसारखी दिसते, रोजच्या वापराला उत्तम. सगळे हेलिओस ४४-२ च्या मागे आहेत. ती वाईट नाही, जुन्या झाइस बायोटारची रशियन आवृत्ती आहे, पण ५८ मिमी तुमच्या कॅमेऱ्यावर लांब पडते, आणि तिची छिद्राची दोन रिंगांची भानगड पहिल्या लेन्सला नको. माझ्या आतेभावाकडे आता तीही आहे आणि तो ती फक्त एफ/२ वर वापरतो, पट्टीकडे त्याने अजून पाहिलेलं नाही. टाकुमार ५० मिमी एफ/१.४ पिवळट दिसली तर सोडून देऊ नका, थोरियमच्या काचेने तसं होतं आणि काही दिवस उन्हात ठेवली की बरंच कमी होतं. मुंबईत असाल तर फोर्टात बोरा बाजारात चक्कर मारा, ऑनलाइन फोटो बघून घेऊ नका. मोबाईलचा टॉर्च मागून लावून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, परत द्या. थोडी धूळ चालते. छिद्राच्या पात्यांवर तेल चमकत असेल तरी अडॅप्टरवर बिघडत नाही, तेवढ्यावर भाव पाडून घ्या.

दोन गोष्टी नवीन माणसाला अडवतात. एक, ए६००० च्या मेनूत लेन्सशिवाय शटर चालू ठेवायचा पर्याय असतो, तो चालू केल्याशिवाय फोटोच निघणार नाही. दोन, टाकुमारवर ऑटो-मॅन्युअलचा छोटा खटका असतो, तो मॅन्युअलवर हवा, नाहीतर एफ/११ लावलंत तरी छिद्र उघडंच राहू शकतं.

आता आतेभावाचंही एक मान्य करते. धावणारं मूल, उडणारा पक्षी, अंधाऱ्या कार्यालयात उघड्या छिद्रावरचा चेहरा, इथे आजचा डोळा शोधणारा ऑटोफोकस सरस आहे, त्यात मी हट्ट करत नाही. घरी लहान मूल असेल आणि त्याचेच फोटो हवे असतील तर हे पैसे ऑटोफोकसच्या लेन्सवर घाला. २८ ला एफ/११ ची चैन उन्हातच परवडते हेही खरं. सावलीत एफ/५.६ ला आलात की फोकसमधला पट्टा अरुंद होतो, मग अंतर नीट सांगता आलंच पाहिजे. टेप घ्या, आठवडाभर घरातल्या घरात विचारत बसा: फ्रिज किती फुटांवर, दार किती. तुमच्या कॅमेऱ्यात हात हलण्यावर उतारा नाही, तेव्हा २८ लाही शटर १/६० च्या खाली नको.

जत्रेत नेणार असाल तर पुढे साधा फिल्टर लावा आणि लेन्सवर प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधा, जुन्या लेन्सच्या आट्यांत गुलाल शिरला तर रिंग करकरायला लागते. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. कोरडा गुलाल कापडाने पुसलात तर कोटिंगवर ओरखडे पडतील. पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा.