मेंदू चेहरा अखंड पाहतो की डोळे, नाक, तोंड असे सुटे भाग जोडून ओळखतो?

मेंदू दोन्ही करतो; परंतु ओळख पटण्यात अखंड आकृतीचा वाटा मोठा असतो. याचा सर्वांत बोलका पुरावा मला १९८७ सालच्या एका प्रयोगात दिसतो: एका प्रसिद्ध व्यक्तीच्या चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग दुसरीच्या खालच्या अर्ध्या भागाशी नेमका जुळवला, की तिसराच चेहरा भासू लागतो आणि वरचा भाग परिचित असूनही तो ओळखायला अधिक वेळ लागतो; मात्र तेच भाग आडवे सरकवले किंवा चित्र उलटे धरले, की ही अडचण ओसरते. उलट्या चेहऱ्यात मेंदूला बव्हंशी सुट्या भागांवर विसंबावे लागते, आणि संशोधक रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये दाखवल्याप्रमाणे उलटे केल्याचा फटका इतर वस्तूंपेक्षा चेहऱ्यांना अधिक बसतो.