रक्त माझ्या हिरड्यांतून येतं, ह्यांच्या नाही

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, मी धायरीला राहते, वय 41. दोनतीन महिने झाले ब्रश करताना डाव्या बाजूला रक्त येतंय, पेरू खाल्ला तरी फोडीला लाल लागतं. दुखत काहीच नाही म्हणून मी त्या बाजूला ब्रश फिरवायचंच टाळते. मैत्रीण म्हणते क्लिनिंग करून घे, सासूबाई म्हणतात त्याने दात सैल होतात, मिश्री लाव. आमचे हे रोज सातआठ सिगरेटी ओढतात तरी रक्ताचा थेंब नाही, फक्त हल्ली पुढच्या दोन दातांत फट पडलीये. मग मलाच का?

उत्तर : ताई, तुमचं सांगतेच पण मला काळजी तुमच्या मिस्टरांची जास्त वाटतेय.

आधी तुमचं. रक्त येतं म्हणजे हिरडी सुजलीये. हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो, तो रोज निघाला नाही की कडक होऊन त्याचं किटण होतं आणि मग ते ब्रशने निघत नाही. तुम्ही नेमकी तीच बाजू सोडताय, त्यामुळे थर वाढतोय आणि रक्तही. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री, सुरुवातीला रक्त येईल तरी थांबू नका. मिश्री अजिबात नको, ती भाजलेली तंबाखूच आहे. आणि क्लिनिंगने दात सैल होत नाहीत हो, हाड आधीच झिजलेलं असतं, वरचं किटण निघालं की दात हलतोय ते कळतं इतकंच. तुमची सूज हिरडीपुरतीच असेल तर ती पूर्ण बरी होते.

आता मिस्टरांचं. सिगरेटने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार आत असूनही रक्त येत नाही, हिरडी बाहेरून चांगली दिसते आणि आत दाताला धरणारं हाड झिजत जातं, तेही न दुखता. या वयात पुढच्या दातांत नवीन फट पडणं ही साधी गोष्ट नाही. लग्नातला फोटो काढून बघा, दात तेव्हापेक्षा लांब दिसतायत का, म्हणजे हिरडी दातावरून मागे सरकलीये. तोंडाला वास येतो का, हिरडी दाबली की पू येतो का, भाकरी तोडताना दात पूर्वीसारखे बसतात का, हे विचारा त्यांना. डेंटिस्ट बारीक सळईने दात आणि हिरडीमधल्या खाचेची खोली मोजतात, 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे एक्सरे काढून हाड बघावं लागतं. गेलेलं हाड सहसा परत येत नाही, पण उरलेलं वाचवता येतं.

शुगर दोघांचीही तपासा, शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

खर्चाचं टेन्शन असेल तर तुम्हाला वडगावचं सिंहगड किंवा धनकवडीचं भारती विद्यापीठ, दोन्ही डेंटल कॉलेजं जवळ आहेत. अपॉइंटमेंट दोघांची एकाच दिवशी घ्या, दुखत नसताना ते एकटे जातील असं मला वाटत नाही.