गाडी बाकीचे बांधणार आणि हिशेब मी मांडायचा?

पत्र असं आहे: ‘मी फोंड्याची, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजचा संघ जानेवारीत कोईमतूरला फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या स्पर्धेत, इलेक्ट्रिक गटात उतरतोय. मला सस्पेन्शनवर काम करायचं होतं, पण “तू बरं बोलतेस” म्हणून बिझनेस प्लॅन, म्हणजे गाडीवर धंदा कसा उभा राहील हे परीक्षकांना पटवायचं काम, माझ्या गळ्यात पडला. आमची कल्पना अशी की गोव्यात आलेल्या पर्यटकांना आमची गाडी चालवायला द्यायची, दहा मिनिटांच्या राइडचे १,५०० रुपये. स्लाइड झाल्यात, पण कुणी उलट प्रश्न विचारला की मी अडखळते. बाबा म्हणतात, हे सोड आणि एमटेकसाठीच्या गेट परीक्षेचा अभ्यास कर. काय करू?’

प्रिय विद्यार्थिनी,

अडखळण्याचं कारण तुझं बोलणं नाही. तुझ्याजवळचे आकडे एकमेकांना धरून नाहीत, म्हणून तू अडखळतेस. बरं बोलणाऱ्याला बिझनेस प्लॅन द्यायची चूक बरेच संघ करतात. खरं तर तो द्यायचा गाडी समजणाऱ्याला, आणि त्या दृष्टीने तुझी निवड चुकलेली नाही.

हे काम दुय्यम नाही, हे आधी पाहू. एकूण १,००० गुणांपैकी बिझनेस प्लॅनला ७५, कॉस्टला (गाडी बांधायच्या खर्चाचा हिशेब) १०० आणि इंजिनिअरिंग डिझाइनला १५० असे ३२५ गुण गाडी ट्रॅकवर न उतरताही मिळू शकतात. इलेक्ट्रिक गटात तांत्रिक तपासणीत अडकणाऱ्या गाड्या थोड्या नसतात. तसं झालं, तर संघाच्या हाती हेच गुण उरतात. सादरीकरण दहा मिनिटांचं, त्यानंतर प्रश्नोत्तरं. समोरचे परीक्षक प्राध्यापक म्हणून बसत नाहीत, पैसे गुंतवणाऱ्याच्या भूमिकेत बसतात. म्हणून पहिली कात्री लाव ती प्रायोजकांसाठी केलेल्या स्लाइडना. संघाचा इतिहास, कॉलेजची इमारत, ‘आमचे स्वप्न’ हे सगळं प्रायोजकाला दाखवायचं असतं. गुंतवणूकदाराला तीनच गोष्टी हव्यात: पैसे किती लागणार, ते कशावर जाणार आणि परत कधी येणार.

आता तुमची कल्पना. ‘गोव्यात इतके लाख पर्यटक येतात, त्यातले एक टक्का आले तरी...’ ही स्लाइड तुमच्याकडे असेलच, ती आजच काढ. तो एक टक्का कुठून आला, या प्रश्नाला उत्तर नसतं. हिशेब खालून वर करायचा, म्हणजे एका गाडीपासून.

तुमच्या हिशेबाच्या शीटमध्ये बहुधा असं असेल: दहा मिनिटं राइड, दहा-पंधरा मिनिटं तयारी, आठ तास चालू, म्हणजे एका गाडीच्या दिवसाला साधारण २० राइड. इथेच पाय घसरतो, कारण बॅटरी धरलेलीच नाही. या स्पर्धेतल्या इलेक्ट्रिक गाडीचा बॅटरी पॅक साधारण ६ ते ७ किलोवॉट-तासांचा असतो. तो एन्ड्युरन्स या २२ किलोमीटरच्या लांब शर्यतीसाठी बेतलेला, म्हणजे शर्यतीच्या वेगात अर्ध्या तासाच्या आसपास पुरतो. रोजच्या वापरात पॅक पार रिकामा करायचा नसतो, तेव्हा एका चार्जमध्ये दोन राइड धर. दोन राइड आणि मधली तयारी मिळून ४० मिनिटं, पुढे चार्जिंगला ८० मिनिटं. दोन तासांत दोन राइड. आठ तासांत आठ. वीस नव्हे.

हा एक आकडा बदलला की सगळी शीट हलते. चार गाड्या घेऊ. पावसाचे चार महिने जवळजवळ बाद. उरलेल्यातले चांगले २०० दिवस धरू. ४ × ८ × २०० म्हणजे हंगामाला ६,४०० राइडची क्षमता. १,५०० रुपये पर्यटक देतो, ते सगळे तुमचे नसतात. जीएसटी १८ टक्के धरला तर हाती उरतात १,२७१ (नेमका दर एखाद्या सीएला विचारून घाल). टायर, ब्रेक पॅड, वीज, बुकिंगचं कमिशन यांसाठी राइडमागे ३०० वजा केले की ९७१ उरतात. ट्रॅकचं भाडं, पगार, विमा असा वर्षाचा ठरलेला खर्च ३० लाख असेल, तर ना नफा ना तोटा गाठायला ३,०९० राइड लागतात. म्हणजे क्षमतेच्या ४८ टक्के. तुमच्या वीस राइडच्या शीटमध्ये हाच आकडा १९ टक्के दिसतो, म्हणून धंदा सोन्यासारखा वाटतो.

हे सगळे रुपये मी नमुन्यादाखल घेतलेत, बाजारभाव म्हणून उचलू नकोस. पुढचं मात्र गंभीर आहे. ६० टक्के राइड भरल्या, म्हणजे ३,८४० झाल्या, तर वर्षाला सुमारे ७.३ लाख उरतात. गाडीमागे १२ लाख आणि ट्रॅकवरची उभारणी १२ लाख धरली तर गुंतवणूक ६० लाख. पैसे वसूल व्हायला आठ वर्षं. शर्यतीची गाडी पर्यटकांच्या हाती आठ वर्षं टिकेल, असं सांगायची माझी तरी हिंमत होणार नाही.

मग कल्पना टाकून द्यायची का? नाही, इथेच तुमचं इंजिनिअरिंग उपयोगी पडतं. प्रत्येक गाडीला दुसरा पॅक दे. एक चार्जिंगला, दुसरा गाडीत. दिवसाच्या राइड १६ होतात, क्षमता १२,८००. चार जादा पॅकचे १२ लाख आणि एका जादा मदतनीसाचे वर्षाला ३ लाख वाढवले, तर ४० टक्के भरलेल्या राइडवर वर्षाला सुमारे १६.७ लाख उरतात आणि ७२ लाख सव्वाचार वर्षांत सुटतात. मदतनीस का, हे परीक्षक विचारतीलच. पॅक जड असतो, आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे तो गाडीबाहेर काढून ट्रॉलीवर ठेवून चार्ज करावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहेच. एकट्याने, दहा मिनिटांत, दिवसातून अनेकदा हे जमत नाही. तेव्हा पॅक काढ-घाल करायला खरंच किती मिनिटं लागतात ते तुमच्या गाडीवर घड्याळ लावून मोज आणि माझ्या आकड्याच्या जागी तो घाल. मोजलेला एक आकडा दहा अंदाजांना भारी पडतो.

टक्क्यांनी फसू नकोस, हेही सांगून ठेवतो. ४० टक्के म्हणजे ५,१२० माणसं, आधीच्या ३,८४० पेक्षा जास्त. ती येणार कुठून? शनिवारी संध्याकाळी रांग लागेल आणि मंगळवारी दुपारी गाड्या उन्हात उभ्या राहतील. दोन शनिवार-रविवार आणि दोन मधले दिवस एखाद्या गो-कार्टिंग ट्रॅकबाहेर उभी राहा. तासाला किती जण येतात, किती देतात, किती भाव ऐकून परततात, वहीत लिही. हे चार दिवसांचं काम म्हणजे तुमची बाजारपेठेची स्लाइड.

दुसरा हमखास प्रश्न: ८० किलोवॉटपर्यंतची गाडी अनोळखी पर्यटकाच्या हाती? ‘सुरक्षेची काळजी घेऊ’ हे उत्तर नाही. मोटरच्या कंट्रोलरमध्ये पॉवर किती किलोवॉटवर अडवणार, ट्रॅकवरच्या मार्शलच्या हातातल्या रिमोटने ती कशी कापणार, विमा कंपनीने प्रीमियम किती सांगितला, असे नेमके आकडे दे. विम्याचं लेखी कोटेशन आजच मागव, ते यायला वेळ लागतो. फॅब्रिकेशनचे भाव वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या दोन-तीन वर्कशॉपमधून घे; लेझर कटिंग, पाइप बेंडिंग, पावडर कोटिंगचे वेगवेगळे. एका नगाचा भाव आणि चार नगांचा भाव दोन्ही विचार. हेच कागद तुमच्या कॉस्टवाल्या मुलांनाही लागणार आहेत. कॉस्ट रिपोर्टमध्ये चेसिस (गाडीचा सांगाडा) एका किमतीला आणि बिझनेस प्लॅनमध्ये दुसऱ्या, असं दिसलं तर फरक का, हे तुला सांगता आलं पाहिजे.

आठवड्यांचं गणित सोपं ठेव. पहिले तीन आठवडे फक्त शीट आणि कोटेशन, स्लाइडला हात लावायचा नाही. चौथ्या-पाचव्यात दहा-बारा स्लाइड. पुढे सराव, साडेआठ मिनिटांत संपणारा, कारण दडपणाखाली वेळ वाढतो आणि दहाव्या मिनिटाला थांबवतात. पहिल्याच मिनिटात मागणी सांग: ‘आम्हाला ७२ लाख हवेत, त्याबदली कंपनीचा इतका हिस्सा.’ बरेच संघ ही रक्कम शेवटच्या स्लाइडवर ठेवतात आणि तिथवर पोचतच नाहीत. वीसेक जादा स्लाइड मागे राखून ठेव: पगारांची फोड, पॅकची झीज, पावसाळ्यातलं उत्पन्न, राइड ३० टक्क्यांवर घसरल्या तर काय. एकदा फोंड्याच्या बाजारातल्या एखाद्या दुकानदार काकांना मराठीत किंवा कोंकणीत सगळं समजावून सांग. ‘जून ते सप्टेंबर पगार कुठून देशील गो?’ असं ते विचारतील. परीक्षकही तेच विचारतील, इंग्रजीत.

आता बाबांचं म्हणणं. ते चुकीचे नाहीत. फक्त गेटची परीक्षा फेब्रुवारीत असते आणि तू तिसऱ्या वर्षाला आहेस, म्हणजे तुझी खरी खेप पुढच्या वर्षीची. यंदा जानेवारीपर्यंत हे काम कर आणि पुढच्या वर्षी संघात फक्त सल्ल्यापुरती राहा, हे बाबांना आत्ताच शब्द देऊन सांग. चौथ्या वर्षी दोन्ही ओढायला गेलीस तर बाबांचं खरं होईल. आणि गेट कशासाठी, हेही त्यांच्यासोबत बसून ठरव. एमटेक किंवा सरकारी कंपनी हवी असेल तर गेट बहुधा लागतेच. वाहन किंवा यंत्रउद्योगात खरेदी, कॉस्टिंग, प्रॉडक्ट मॅनेजमेंट यांकडे कल असेल, किंवा पुढे कॅट देऊन साखळीच्या जीआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थेत जायचं असेल, तर मुलाखतीत या शीटचा उपयोग जास्त. बायोडेटात ‘बिझनेस प्लॅन प्रमुख’ एवढंच लिहू नकोस. ‘बॅटरी-बदलाचा वेळ मोजून राइडची क्षमता दुरुस्त केली, वसुलीचा काळ आठवरून सव्वाचार वर्षांवर आणला’ असं लिही, अर्थात तुझे खरे आकडे घालून.

सस्पेन्शनही सोडायला नको. आठवड्यातून एक संध्याकाळ त्या मुलांसोबत वर्कशॉपमध्ये काढ. टायर किती राइडनंतर बदलावा लागेल, हे तुला तेच सांगू शकतील, आणि त्या ३०० रुपयांतला मोठा वाटा टायरचाच आहे.