जर्मनीचे रॉकेट विमान ‘कोमेट’ वर्षभर आधी आले असते, तर दुसऱ्या महायुद्धाचा निकाल बदलला असता का?

नसता. ‘मेसरश्मिट 163 कोमेट’चा वेग वाचून हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, पण त्याच्या इंधनातील मुख्य द्रव, म्हणजे हायड्रोजन परॉक्साइड, ज्याने स्वतः हाताळला आहे, त्याला तो पडत नाही.

इचलकरंजीतील कापडाच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये मी केमिस्ट होतो. ब्लीचिंगसाठी तेथे 50 टक्के हायड्रोजन परॉक्साइड येत असे. उरलेला माल मूळ कॅनमध्ये परत ओतायचा नाही, अशी लेखी सूचना मी दिलेली असूनही एका रात्रपाळीत तो गंजलेल्या बादलीतून परत ओतला गेला आणि वर झाकणही घट्ट बसवले गेले. गंजामुळे परॉक्साइडचे विघटन होऊन कॅन तापला, फुगला आणि फुटला. जवळच्या कामगाराच्या हातांची कातडी पांढरीफटक पडली. त्याचे हात नळाखाली धरले तेव्हा तो ओरडत होता, ते अजून कानात आहे. दुसऱ्या दिवशी उत्पादनप्रमुखांनी कामगाराची चौकशी केली नाही. मलाच सुनावले, ‘‘जर्मनांनी ह्याच्यावर विमानं उडवली आणि तुम्ही एका कॅनला घाबरता?’’

जर्मनही त्याला घाबरतच होते. कोमेटमध्ये ते 80 टक्के तीव्रतेचे होते आणि त्याच्या दोन टाक्या वैमानिकाच्या दोन्ही अंगांना असत. मिथेनॉल आणि हायड्राझिन हायड्रेट यांचे दुसरे मिश्रण भरणारा टँकर परॉक्साइडच्या टँकरबरोबर कधीही उभा केला जात नसे, कारण दोन्ही द्रव एकत्र येताच पेट घेत. सांडलेला थेंबन् थेंब भरपूर पाण्याने धुऊन काढावा लागे. डिसेंबर 1943 मध्ये योझेफ प्योस हा अनुभवी वैमानिक कोमेटच्याच अपघातात गेला.

एवढा धोका पत्करून हाती काय लागत होते? सुमारे 2 टन इंधनात इंजिन जेमतेम आठ मिनिटे चाले. तेवढ्यात विमान 12,000 मीटर उंची गाठे खरे. पण बॉम्बरजवळून ते इतक्या वेगाने जाई, की नेम धरून गोळीबार करायला दोन-तीन सेकंदच मिळत. नंतर इंजिनाविना तरंगत उतरताना शत्रूची लढाऊ विमाने त्याला सहज गाठत. लाइपझिगजवळच्या ब्रांडिसहून लॉयनाच्या कृत्रिम इंधन कारखान्याचे रक्षण करणाऱ्या या विमानांनी संपूर्ण युद्धात नऊच्या आसपास शत्रूविमाने पाडली, तर बांधली गेली तीनशेहून अधिक. परॉक्साइडला इतर गिऱ्हाईकेही होती: व्ही-2 क्षेपणास्त्राच्या इंधनपंपाचे टर्बाइन आणि व्ही-1 हा उडता बॉम्ब सोडणारे कॅटापल्ट.

कोमेटचे रचनाकार अलेक्झांडर लिपिश यांच्या बिनशेपटीच्या रचनेला मी नावे ठेवत नाही. 2 ऑक्टोबर 1941 रोजी चाचणी वैमानिक हायनी डिटमारने तिच्या आधीच्या आवृत्तीत ताशी 1,000 किलोमीटरचा टप्पा ओलांडला आणि इंजिन बंद असताना ती ग्लायडर म्हणूनही उत्तम उडे. मात्र लढाईसाठीचे हेल्मुट वाल्टर यांचे जोरकस इंजिन घेऊन उडायला 1943 उजाडले. वर्षभर आधी विमान मिळाले असते असे म्हणणाऱ्याने म्हणूनच सांगावे, की इंजिन कोठून आले असते, परॉक्साइड कोणत्या कारखान्यातून आले असते आणि ते भरणाऱ्या माणसांची काळजी कोणी घेतली असती. त्या उत्पादनप्रमुखांनाही मला हेच विचारायचे आहे.