‘माणसाची ओळख जन्मजात असते’ या विषयावरील माझ्या निबंधातील युक्तिवाद तुम्हाला पटतो का?

आपला निबंध लक्षपूर्वक वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे, की माणूस आपली ओळख जन्मतःच घेऊन येतो आणि संगोपन ती फक्त उघड करते. त्यासाठी घरातील चार पिढ्यांचे गायन आणि दोन वर्षांची असतानाच सुरात गुणगुणणारी आपली मुलगी यांचा दाखला आपण दिला आहे. मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे, हा आपला आग्रह मला मान्य आहे. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या स्वभावातही लक्षणीय साम्य आढळते, तेव्हा स्वभावाचा कल काही अंशी उपजत असतो हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र कल आणि ओळख या दोन गोष्टी आपण एकच मानल्या आहेत, आणि निबंध नेमका तिथे डळमळतो.

मुलीचेच उदाहरण घेऊ. ज्या घराचे रक्त तिला मिळाले, त्याच घरातला तानपुराही मिळाला. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत गर्भाला बाहेरचे आवाज ऐकू येतात, म्हणजे घरातला रियाज जन्माआधीच तिच्या कानावर पडू लागला असणार. मग सारे श्रेय एकट्या रक्ताला कसे द्यायचे? संगोपन केवळ उघड करते, या विधानालाच छेद देणारा एक सुंदर प्रयोग जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ यांतला फरक कळत होता. वर्षाच्या आसपास पोहोचलेल्या बाळांपैकी बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांमध्ये मात्र ही जाण टिकून होती. म्हणजे उपजत आलेले काय राहणार आणि काय ओसरणार, हेसुद्धा घर ठरवते.

मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते ‘समाजांचेही असेच असते’ या आपल्या वाक्याने. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला तो हेच गृहीत धरून. पुढे सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात राहून हजेरी द्यावी लागे, आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. त्या कुंपणात जन्मलेल्या मुलाची ओळख सरकारी नोंदवहीत आधीच लिहिलेली होती. दुसरीकडे, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्यात जाहीर केले आणि १९५६ मध्ये नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. एवढ्या विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयाला आपल्या मांडणीत कुठेच जागा नाही.

माझी सूचना अशी, की समाजांविषयीचा परिच्छेद गाळावा आणि घराविषयी अधिक लिहावे: मुलगी काय ऐकत होती, तिला कोण शिकवत होते, आणि मुख्य म्हणजे चार पिढ्यांत जे गाण्याकडे वळलेच नाहीत, ते कोण होते. असे कोणी तरी असणारच, आणि निबंधात त्यांचा उल्लेखही नाही.