जुन्या एमजीबीला कोणत्या स्प्रिंगा आणि शॉकअप घ्यावेत?

तुम्ही विचारलंय की एमजीबी (इंग्लंडची जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार) नागपुरातच चालवायची आहे, तर इंचभर खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंगा टाकू का, आणि लिव्हरवाले (बाहेरच्या दांड्याने हलणारे) शॉकअप काढून टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणारे) लावू का. दोन्ही करू नका.

आमच्याकडे हीच गाडी होती, बाबांची, आणि माझ्या मोठ्या भावाने नेमकं हेच केलं. स्पोर्ट्स कार म्हणजे कडक, हे दादाचं मत. पुढे कडक आखूड स्प्रिंगा टाकल्या, मागचे पाटे भट्टीत तापवून चढवून आणले (चार महिन्यांत परत बसले), शॉकअप मात्र जुनेच ठेवले. रविवारी रामटेकला निघालो. बाबा आणि दादा एमजीबीत, मी मागून मारुतीत. कामठीपर्यंत ठीक होतं. कन्हानच्या पुलावर प्रत्येक सांध्याला गाडीचं नाक वर-खाली व्हायला लागलं, ते थांबेचना. मनसरच्या अलीकडे एका गतिरोधकावर मागचं डावं चाक असं उडालं की टायर आणि डांबर यांच्या मधून मला पलीकडचा उजेड दिसला. मग खाली आदळल्याचा ठक्क आवाज, माझी काच बंद असूनही ऐकू आला.

गाडी कडेला घेतली. बाबा कमरेवर हात ठेवून उतरले, पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि शॉकअपच्या दांड्यावरून बोट फिरवलं. बोट काळंभोर. "काऊन रे, याचं तेल कधी पाहिलं होतं?" दादा काही बोलला नाही. परत येताना बाबा माझ्या गाडीत बसले.

दादा आजही म्हणतो, शॉकअप खराब होते, स्प्रिंगा बरोबर होत्या. चूक आहे ते. स्प्रिंग जितकी कडक तितकी ती जोरात उलटते, आणि तिला आवरायला शॉकअपचा व्हॉल्व्हही तेवढाच कडक लागतो. कंपनीचा व्हॉल्व्ह कंपनीच्या स्प्रिंगेच्या मापाचा असतो, तो ठणठणीत असता तरी कमीच पडला असता. वर गाडी इंचभर खाली, म्हणजे चाकाला वर यायला जागा कमी. जरा मोठा धक्का बसला की थेट रबरी स्टॉपर. आपल्याकडचे सिमेंट रोडचे सांधे आणि गतिरोधक बघता हे रोज होणार. हवेतल्या चाकाला पकड नसते, मग वळणावर कडकपणाचा उपयोग काय?

मूळ रेटच्याच, म्हणजे कंपनीइतक्याच कडक, नव्या स्प्रिंगा घ्या. आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंची मापं घ्या, ड्रायव्हरची बाजू बहुतेक वेळा जास्त बसलेली असते. मागच्या शॉकअपची लिंक (दांडा एक्सलला जोडणारी सळी) सोडवून दांडा हाताने सावकाश वर-खाली करा. जोर सारखा लागला पाहिजे. मधेच ढिला पडला तर आत हवा आहे. शॉकअपच्या झाकणाभोवतीची धूळ पुसल्याशिवाय तेल भरायचा बोल्ट उघडू नका, कचरा व्हॉल्व्हमध्ये जातो. २० नंबरचं फोर्क ऑइल (मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपमध्ये घालतात ते) घाला, इंजिन ऑइल नको. शाफ्टमधून गळत असेल तर तेल ओतून भागणार नाही, शॉकअप रीबिल्डच करावा लागेल. पुढे तर शॉकअपचा दांडा हाच वरचा विशबोन (चाक धरून ठेवणारा आडवा हात) आहे, टेलिस्कोपिक लावले तरी बहुतेक वेळा जुनी बॉडी जागेवर ठेवावीच लागते. मग ती आधी नीट करण्यातच शहाणपण नाही का? वळणावर गाडी जास्त कलते असं वाटलं तर पुढचा अँटी-रोल बार (दोन्ही चाकं जोडून गाडीचा कल आवरणारी सळी) जाड घ्या. आम्ही शेवटी हेच केलं आणि बाबा पुन्हा रामटेकपर्यंत तिच्यात बसून गेले.

गाडीचं साल तुम्ही लिहिलेलं नाही. १९७४च्या अखेरीपासून काळे रबरी बंपर आले तेव्हा कंपनीनेच गाडी साधारण दीड इंच उंच केली. तुमची तसली असेल तर थोडी खाली घ्यायला हरकत नाही, दादालाही हे मी मान्य केलंय. आणि पुढची स्प्रिंग काढताना स्प्रिंग ज्यावर बसते त्या खालच्या पॅनला जॅक लावूनच बोल्ट सोडा, ती दाबलेली असते.