कॅटलोनियात स्वातंत्र्याला विरोध करणारे सगळे माद्रिदचे हस्तक आहेत का?

तुम्ही विचारलंय, की स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या राजधानीत, बार्सिलोनात, स्पेनपासून स्वातंत्र्य घेण्याच्या विरोधात मोर्चे काढणारी ‘सोसिएतात सिव्हिल कातालाना’ ही खरोखर लोकांची संघटना आहे की माद्रिदने, म्हणजे स्पेनच्या केंद्र सरकारने, उभं केलेलं बुजगावणं. मी राज्यशास्त्राचा माणूस नाही, दिंडोरीकडे एका वायनरीत टाक्या सांभाळतो. पण २०१७ चा सप्टेंबर-ऑक्टोबर मी तिथेच होतो, बार्सिलोनाजवळच्या सान सादुर्नी गावात. आपली वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्च तोडायची, त्यांची ऑगस्टपासून. त्यामुळे आमच्यातले काहीजण आपला हंगाम उरकला की त्यांचा करायला जातात. तिकडे कावा होते, म्हणजे त्यांची फसफसणारी वाइन.

रोज रात्री दहाच्या ठोक्याला गल्लीत स्वातंत्र्यवाद्यांची निषेधाची पातेली वाजायला लागायची. पुढे २०२० च्या मार्चमध्ये आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या बडवल्या, तेव्हा मला पहिली आठवण तीच आली. फरक एवढाच, की तिथे कोण वाजवत नाही याकडेही गल्लीचं लक्ष असायचं.

टाकीवर माझ्या जोडीला असलेली बाई वाजवायची नाही. तिचे आईवडील साठच्या दशकात दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातून पोटापाण्यासाठी आलेले. अशांना तिकडे ‘चार्नेगो’ म्हणून हिणवायचे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आलेल्यांना आपल्याकडे ‘भय्या’ म्हणतात, तो सूर. बाई मुकादमाशी कॅटलानमध्ये बोलायची, आईशी फोनवर स्पॅनिशमध्ये, आणि शिव्या दोन्हीत सारख्याच अस्सल. तिच्या खिडकीत कुठलाच झेंडा नव्हता. का, म्हटलं तर म्हणाली, लावला की पावाच्या दुकानात रोज उत्तर देत बसावं लागेल.

ही संघटना कुठून आली हे अशा खिडक्यांवरून कळतं. स्वातंत्र्यवाद्यांकडे ‘ओम्नियुम कुल्तुराल’ १९६१ पासून होती, पुढे ‘कॅटलान राष्ट्रीय सभा’ आली, आणि २०१३ च्या ११ सप्टेंबरला त्यांनी ४०० किलोमीटरची माणसांची साखळी उभी केली. समोरच्या बाजूला पक्ष होते, पण साध्या माणसाने जाऊन उभं राहावं असं काही नव्हतं. ते या संघटनेच्या रूपाने २३ एप्रिल २०१४ ला झालं. सान जोर्दीचा दिवस, त्या दिवशी तिकडे एकमेकांना गुलाब आणि पुस्तकं देतात. डावे, उजवे, प्राध्यापक, वकील असे एरवी एका टेबलावर न बसणारे लोक त्यात आले, कारण फुटून निघायचं नाही, एवढ्यावरच एकमत लागत होतं.

१ ऑक्टोबरला, न्यायालयाने रोखलेलं असताना, सार्वमत झालं. ४३ टक्क्यांच्या आसपास मतदान, त्यात ९० टक्के ‘हो’. ‘नाही’वाले बहुतेक घरीच बसले. पोलिसांनी मतदारांवर लाठ्या चालवल्या त्या मला आजही अक्षम्य वाटतात, आणि बाईलाही वाटत होत्या. तरी पुढच्या रविवारी, ८ तारखेला, ती मला म्हणाली, चल. लोकल पकडून बार्सिलोनाला, संघटनेच्या मोर्च्याला गेलो. मोर्च्याची हाक होती, ‘बास! शहाणपणावर येऊ या’. त्यांचा शब्द ‘सेन्य’, आणि कॅटलान माणूस तो स्वतःचा खास गुण समजतो, म्हणजे टोमणा बरोबर वर्मी होता. शहर पोलीस म्हणाले साडेतीन लाख, आयोजक म्हणाले नऊ लाखांच्या वर. सिंहस्थात रामकुंडावरची गर्दी पाहिलेल्या माणसालाही पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती. बाईने पिशवीतून दोन झेंडे काढले, स्पेनचा आणि कॅटलोनियाचा, आणि एकमेकांना गाठ मारली. गाठ सुटत होती, तिने दोनदा मारली.

भाषणाला नोबेलविजेते लेखक मारिओ व्हार्गास ल्योसा आणि राजकारणी जोसेप बोरेल होते. बोरेल स्वतः कॅटलान, समाजवादी. कॅटलान सरकारच्या प्रमुखाला, पुजदेमोंला, तुरुंगात टाका म्हणून गर्दी ओरडायला लागली, तर त्यांनी गर्दीलाच झापलं, की रोमन सर्कशीतल्या जमावासारखं ओरडू नका, तुरुंगात कोण जाणार ते न्यायाधीश ठरवतात. आपल्याच सभेत आपल्याच माणसांना असं बोललेलं मी तरी फार ऐकलेलं नाही.

आता तुमच्या शंकेचं. पक्षांचे पुढारी त्या मोर्च्यात पुढे चालत होते, आणि अशा मोर्च्यांच्या शेपटाला अतिउजवी टोळकी चिकटतात, हा आरोप हवेतला नाही. पण हस्तक लाखांनी जमत नाहीत. त्याच डिसेंबरमध्ये कॅटलान संसदेच्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांना १३५ पैकी ७० जागा मिळाल्या, मतं मात्र ४७.५ टक्के. ग्रामीण भागातल्या मताला तिथे वजन जास्त. उरलेली मतं कुठल्यातरी माणसांनीच दिली ना?

आमच्या जिल्ह्यातलंच बघा. २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरची काही गावं रस्ते-पाण्याला कंटाळून म्हणाली, आम्हाला गुजरातेत जाऊ द्या. राज्य बदलणं आणि देश सोडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तुलना करत नाही. पण ज्याला जायचं नव्हतं अशा गावकऱ्याचं म्हणणं कुठल्या बातमीत वाचल्याचं मला आठवत नाही.

संघटनेची खरी अडचण पुढे झाली. नुसत्या ‘नाही’वर बांधलेली मोट संकट टळलं की सुटते. २०२३ मध्ये बोरेल यांचाच समाजवादी पक्ष स्वातंत्र्यवादी पुढाऱ्यांना माफी देणाऱ्या कायद्याकडे वळला, संघटना विरोधात गेली. त्याच ८ ऑक्टोबरला बार्सिलोनात पुन्हा मोर्चा निघाला. पोलिसांचा आकडा यावेळी ५० हजार.

बाईला मेसेज केला, गेलीस का? म्हणाली, नाही, तोडणी चालू होती. ते दुष्काळाचं वर्ष होतं, तिच्याकडची द्राक्षं सप्टेंबरातच आवरली होती, तिनेच फोटो पाठवले होते. मी पुढे काही विचारलं नाही.